औताला चालेल का?

दादा दहिवडीहून पहाटेच्या एसटीने आला. पिशवीत बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि वाळवलेल्या भाकरीच्या तुकड्यांची एक वेगळी पुडी. ती पुडी पिठल्याची. पिठल्या म्हणजे आमचा लॅब्रॅडोर. आठ वर्षांपूर्वी आणला तेव्हा त्याचा रंग ताटात पसरलेल्या पातळ पिठल्यासारखा होता, त्यावरून नाव पडलं. आता रुग्णालयाच्या फायलीवर त्या नावापुढे आमचं आडनाव छापलेलं असतं आणि पुकारा झाला की बाकावरची माणसं आपापली काळजी घडीभर विसरून हसतात.

दादा पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होता. हुद्दा काहीही असो, माण तालुक्यात लोक त्याला डॉक्टरच म्हणत. माझी मुलगी विमा कंपनीत आकडेमोड करते. पिठल्या तिने पहिल्या पगारातून आणला, म्हणून फायलीवर पालक तीच. त्या रविवारी आमच्या ठाण्याच्या घरात या दोघांचं जे बोलणं झालं, ते मी चहा, पोहे, पुन्हा चहा करता करता ऐकलं. अधूनमधून तोंडही घातलं.

झालं होतं ते असं. आंघोळ घालायला गळ्यातला पट्टा काढला, तर जबड्याखाली दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी हाताला लागल्या. मग खांद्यांपुढे सापडल्या, मागच्या गुडघ्यांमागे सापडल्या. दुखत नव्हत्या. कुत्रा खात होता, पळत होता, कबुतरांवर भुंकत होता. सुईने पेशी काढून तपासल्या आणि निदान आलं: लिम्फोमा, बी पेशींचा. पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, लसिकाग्रंथींमध्ये वाढणारा. डॉक्टरबाईंनी एका कागदावर तीन ओळी लिहून दिल्या. काहीच केलं नाही तर चार ते सहा आठवडे. नुसत्या स्टेरॉइडवर महिना-दोन महिने. चार औषधांची केमो १९ ते २५ आठवडे केली तर वर्षाच्या आसपास. तो कागद फ्रिजवर लावलेला होता. दादाने चष्मा चढवून तो वाचला, दोनदा.

“वर्षाच्या आसपास म्हणजे किती गं? शेतकऱ्याला आम्हीपण असंच मोघम सांगायचो.”

“मधला आकडा आहे तो, मामा. अर्धी कुत्री त्याच्या आधी जातात, अर्धी नंतर. दोन वर्षं काढणारं चार-पाचांत एखादं.”

“आणि बरं होणारं?”

“ते धरायचंच नाही. रेमिशन मात्र दहांतल्या आठ-नऊ जणांना येतं. गाठी जातात, तपासणीत रोग दिसत नाही. नंतर कधीतरी परत येतो.”

“मग लपतो म्हण.”

“लपतो. पण तो लपलेला असतो तेवढे महिने पिठल्याचे.”

दादाने मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून. “औषधं कुठली?”

मुलीने फोनवर वाचून दाखवलं. व्हिन्क्रिस्टिन, सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन, प्रेडनिसोलोन. पहिलंच नाव ऐकून दादा गॅलरीत गेला आणि तिथल्या कुंडीकडे बोट दाखवत म्हणाला, “हे काय, बायडेने दारातच लावलंय.” बायडे म्हणजे मी, आणि कुंडीत होती सदाफुली. व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीतून काढतात, १९६३ पासून ते माणसांच्या कॅन्सरवर वापरात आहे, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी तिला फुकटचं फुलणारं झाड समजून पाणी घालत होते.

“तुम्हाला कसं माहीत?” मुलीने विचारलं.

“भटक्या कुत्र्यांना देत होतो की. त्यांच्या लघवीच्या जागी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ येते, रक्त गळतं. एका कुत्र्याची दुसऱ्याला लागते. डॉक्टरसाहेब आठवड्याला एक इंजेक्शन द्यायचे, मी तोंड बांधून धरायचो. चार-पाच आठवड्यांत गाठ गायब.”

“म्हणजे तुम्हीपण केमोच दिलीत. रस्त्यावरच्या कुत्र्याला. आणि घरच्याला नको म्हणताय.”

“ते बरं होतं, पोरी. बरं होणार असेल तर मी स्वतः त्याला धरून बसतो. इथे तू त्याला दर आठवड्याला सुई टोचायला नेणार, ठाण्याहून मुंबईत, कुत्रा बघून टॅक्सीवाला काच वर करणार, हा गाडीत धापा टाकणार. कशासाठी, तर लपवण्यासाठी. माणूस केमो सोसतो तो आशेवर. पोराचं लग्न बघायचंय, घराचं कर्ज फिटू दे, असलं काहीतरी त्याच्या डोक्यात असतं. कुत्र्याला आशा नाही. त्याला फक्त सुई कळते.”

“त्याला भीतीपण नाही ना पण. माणूस सुईच्या आदल्या रात्री झोपत नाही. हा सुईनंतर अर्ध्या तासाने बिस्कीट मागतो. रिपोर्टमध्ये काय आहे ते त्याला ठाऊकच नाही. सहा दिवस त्याचे, एक दिवस सुईचा.”

“सहा? उलट्या, जुलाब ते तुझ्या हिशेबात कुठं आहेत?”

इथे तिने जे सांगितलं ते मलाही नवं होतं. माणसाला रोग मुळासकट उपटायचा असतो, म्हणून सोसेल त्या टोकापर्यंत औषध चढवतात. कुत्र्याच्या बाबतीत ते ध्येयच नसतं. चांगले दिवस मिळावेत म्हणून मात्रा मुद्दाम बेताची ठेवतात, त्रास झाला तर पुढची आणखी कमी करतात किंवा आठवडाभर पुढे ढकलतात. औषधानंतर दोन-पाच दिवसांनी मळमळ होऊ शकते, आठवड्याभराने पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून दर वेळी आधी रक्त तपासायचं. ताप आला तर रात्री दोनलासुद्धा निघायचं. लॅब्रॅडोरला टक्कल पडत नाही, मिशा मात्र गळतात. डॉक्सोरुबिसिन लालभडक असतं, ते शिरेबाहेर सांडलं तर मांस जळतं आणि हृदयालाही जड जातं, म्हणून ते देणारा हात अनुभवी हवा. औषधानंतर काही दिवस लघवी-शी हातमोजे घालून उचलायची. घरात कुणी गरोदर असेल तर तिने लांबच राहायचं.

“हातमोजे,” दादा म्हणाला. “जे तू हाताने शिवायचं नाहीस ते त्याच्या शिरेत घालायचं.”

हा वार नेमका बसला. मुलगी थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग जे बोलली त्याचा सुईशी काही संबंध नव्हता.

“गोळ्या तुम्ही सांगितल्यात, मामा. फोनवर.”

इथे मला मध्ये पडावंच लागलं, कारण गोळ्या मी दिल्या होत्या. गाठी सापडल्या त्या रात्री मी दादाला फोन केला. तो म्हणाला, प्रेडनिसोलोन दे, बसतील. जन्मभर त्याने सुजेवर तेच पाहिलेलं. माझ्या दम्याच्या वेळची उरलेली पट्टी कपाटात होती. तीन दिवस दिली आणि गाठी खरोखरच विरघळल्यासारख्या झाल्या. मी देवापुढे साखर ठेवली. मग मोठ्या रुग्णालयात डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न केला: स्टेरॉइड दिलंय का? लिम्फोमात स्टेरॉइड आधी एकटं दिलं तर निदान झाकलं जाऊ शकतं आणि कॅन्सरच्या पेशी पुढच्या औषधांनाही निगरगट्ट होऊ शकतात. तीनच दिवस ना, बंद करा, बघू, असं त्या म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“चुकलं माझं,” दादा म्हणाला. एवढंच. पस्तीस वर्षं लोकांनी डॉक्टर म्हटलेल्या माणसाने आपल्या भाचीपुढे हे दोन शब्द एका दमात म्हटले. मला त्याचा अभिमान वाटला आणि मुलीचा थोडा राग आला.

मग पैसे. ते निघणारच होते.

“किती सांगितलेत?”

“सगळं धरून दीड लाखाच्या वर.”

“परळला गेलीस कधी? टाटाच्या बाहेर?” परळमध्ये माणसांचं टाटा मेमोरियल आहे, जनावरांचं बाई साकरबाई रुग्णालय आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालयही तिथेच. दादाला तो भाग पाठ आहे. वहिनीच्या आजारात तो तिला घेऊन दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहिला होता. “फुटपाथवर माणसं पडलेली असतात, बाळ. उशाला एक्स-रे.”

“मी हे पैसे वाचवले तर ते त्या फुटपाथवर पोचणार आहेत का?”

हे उत्तर बरोबर असलं तरी मला आवडत नाही, त्यातून हात झटकल्याचा आवाज येतो. पण फुटपाथचा मुद्दाही मला खोटाच वाटतो. आदल्या वर्षी आम्ही स्वयंपाकघराचा ओटा बदलला. त्याला याहून जास्त लागले, आणि तेव्हा दादाने ओट्यावरून हात फिरवून ग्रॅनाइट छान आहे म्हटलं होतं. ग्रॅनाइटपुढे परळ कुणाला आठवत नाही, कुत्र्यापुढे लगेच आठवतं. मी हे बोलून दाखवलं.

दादा हसला. “बरं. पैशाचं दुसऱ्या बाजूने सांगतो. आमच्याकडे खिल्लार बैलाला शिंगाचा कॅन्सर व्हायचा. शिंग एका अंगाला कलायचं, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त ठिबकायचं, बैल सारखी मान झटकायचा. डॉक्टरसाहेब शिंगाच्या नसेत भूल देऊन शिंग मुळापासून काढायचे, मी वेसण धरून. त्याच्या आधी शेतकरी एकच विचारायचा, औताला चालेल का? चालेल म्हटलं की कनवटीचे पैसे काढायचा. नाही म्हटलं की बैल सोडून मुकाट घरी न्यायचा. तेव्हा मला ते फार निर्दय वाटायचं.”

“आहेच निर्दय.”

“असेल. पण त्याच्यापाशी एक प्रश्न होता आणि उत्तर ‘नाही’ आलं की तो थांबायचा. थांबवायला गरिबी होती. तुमच्यापाशी काय आहे? एक औषध लागू पडलं नाही की दुसरं आणाल, दुसरं नाही तर तिसरं. मुंबईत आता सगळं मिळतं, महालक्ष्मीला टाटांनी प्राण्यांचं एवढं मोठं रुग्णालय काढलंय २०२४ साली. तुमची ऐपत आहे. त्या मुक्या जनावराला तीच नडणार.”

मुलीला याचं उत्तर लगेच सुचलं नाही. दादा पुढे बोलत राहिला, आवाज खाली घेऊन.

“तुझी मामी चौथ्या केमोनंतर मला म्हणाली, आता घरी न्या. मी म्हटलं, दोनच राहिलीत. ती बोलणारी होती, शहाणी होती, तरी मी ऐकलं नाही. हा तर बोलतपण नाही.”

वहिनीला जाऊन सहा वर्षं झाली. हे वाक्य त्याने त्याआधी कुणापुढे उच्चारलं नव्हतं, निदान माझ्यापुढे तरी नाही. मुलगी उठली, पिठल्याचं पाण्याचं भांडं भरलेलंच होतं ते ओतून पुन्हा भरून आली.

“मग आपणपण एक प्रश्न ठरवू,” ती म्हणाली. “आत्ता, तो धडधाकट आहे तोवर. परदेशात एका पशुकर्करोगतज्ज्ञ बाईंनी त्यासाठी तक्ता केलाय. दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण. सत्तरपैकी पस्तीसच्या वर असेल तर चालू ठेवायचं.”

“आनंदाला गुण कोण देणार? तू? तू त्याला कायम दहापैकी नऊ देशील.” दादाने तक्ता उडवून लावला, आणि माझ्या मते बरोबर केलं. प्रेम करणारा परीक्षक पेपर ढिलाच तपासतो. “त्याचं औत कुठलं ते सांग. रोज न चुकता काय करतो हा?”

याचं उत्तर घरात प्रत्येकाला माहीत होतं. संध्याकाळी सातला मुलगी यायच्या वेळेला तो लिफ्टच्या दारापाशी जाऊन बसतो. तिची एक चप्पल, एकच, तोंडात धरून आत आणतो. आणि रात्रीची भाकरी वाजवून खातो. तापातसुद्धा यातलं काहीतरी त्याने केलेलं आहे.

“झालं तर. तिन्हीतलं एक तरी केलं तर औत चाललं. एकही केलं नाही तर नाही चाललं. कालनिर्णयवर खूण करा. लागोपाठ तीन दिवस औत बंद पडलं की…”

“की काय?”

“की शेवटचं इंजेक्शन. त्याला तयार आहेस का ते आधी सांग. नसशील तर पहिलंही सुरू करू नकोस.”

आता माझी पाळी होती. मी म्हटलं, आपल्यात असं करत नाहीत. आपण कोण जीव घेणारे? घरात दत्ताची तसबीर आहे, त्याच्या पायाशी चार कुत्री आहेत, आणि आपण आपल्या कुत्र्याला विष देऊन मारायचं?

“विष कशाला? भुलीचंच औषध असतं, मात्रा जास्त. आधी झोप लागते. आणि बायडे, गांधीजींनी दिलंय. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू वेदनेने तडफडत होतं, तर डॉक्टर बोलावून सुई द्यायला लावली. लोकांनी संतापून पत्रं धाडली त्यांना. शेतकरी ऐकेनासा झाला की मी हेच सांगायचो.”

“पण त्यांनी आधी उपचार केले होते ना?” मुलगी म्हणाली. “डॉक्टरांनी हात टेकल्यावरच दिलं. तेवढंच मागतेय मी पण. आधी उपचार. आज तो आजारीसुद्धा दिसत नाही, मामा. आज सोडून देणं म्हणजे दया नाही, घाई आहे.”

त्या दिवसातलं मला सगळ्यात पटलेलं वाक्य हेच. आम्ही दोघं थोरली माणसं कॅन्सर म्हटल्याबरोबर खंगलेला, डोळे खोल गेलेला पेशंट डोळ्यांपुढे आणून बोलत होतो आणि समोर पिठल्या दादाच्या पिशवीत डोकं घालून भाकरीची पुडी फोडत होता.

“ठीक आहे. आणि शेवटचं?” दादाने सोडलं नाही.

“तुम्ही याल?”

“येईन.”

“मग तयार आहे.”

केमो गुरुवारी सुरू झाली. पहिल्या आठवड्यातच गाठी बसल्या, या वेळी औषधाने. लाल औषधानंतर दोन दिवस त्याने अन्नाकडे पाहिलं नाही, तिसऱ्या दिवशी चप्पल आणली. पाचव्या आठवड्यात पांढऱ्या पेशी फार उतरल्या म्हणून सुई आठवडाभर पुढे गेली. सोफ्याच्या फटीत, एकदा तर माझ्या पोथीच्या पानांत, त्याच्या पांढऱ्या मिशा सापडतात, जाड, दोऱ्यासारख्या. मुलगी त्या काडेपेटीत जमवते. मला ते आवडत नाही, पण मी बोलत नाही. दादा दर गुरुवारी संध्याकाळी फोन करतो आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारतो, औताला चालेल का?

कालनिर्णयच्या पानावर माझे दुधाचे खाडे निळ्या पेनने आहेत, पिठल्याचे लाल. आजपर्यंत एकसष्ट दिवसांत लाल खुणा नऊ आहेत, लागोपाठच्या दोनच. तिसऱ्याची वेळ आली तर दादाला फोन मी करायचा, मुलीने नाही, असंही ठरलं आहे. मी करीन की नाही, हे मला आज सांगता येणार नाही.

तुमच्या घरी कुत्रा असेल तर आज रात्री त्याला खाजवताना जबड्याखाली, खांद्यांपुढे आणि मागच्या गुडघ्यांमागे बोटं फिरवून बघा. गाठ लागली तर सुईची तपासणी होईपर्यंत कपाटातली कुठलीही गोळी देऊ नका, सांगणारा कितीही जवळचा असो. आमच्या त्या तीन दिवसांनी पिठल्याचं किती नुकसान झालं, हे डॉक्टरबाईंनाही सांगता आलेलं नाही.